ओ की ठो माहीत नसलं तरी खेळा: 'यू डोन्ट नो जॅक मूव्हीज' पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

दर दिवाळीला आमच्याकडे जेवणं झाली की तोच प्रश्न, आता काय खेळायचं. पत्ते झालेले असतात, अंताक्षरीत 'म' आला की तीच ती चार गाणी येतात आणि लहान पोरं मोबाइल घेऊन कोपऱ्यात. तर दोन वर्षांपूर्वी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि १९९७ सालचा एक अमेरिकन क्विझ गेम लावला. पहिली पाच मिनिटं सगळे वैतागले, हा माणूस काय बोलतोय, कुठे दाबायचं, माझं का कापलं वगैरे, आणि तासाभराने आई म्हणाली की आता झोपा तर कोणी ऐकेना. तेव्हापासून मला कोणी ना कोणी विचारतं की तो शिव्या घालणारा सिनेमाचा गेम कसा लावायचा, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

शिव्या म्हणजे तशा शिव्या नाहीत, टोमणे. गेमचं नाव 'यू डोन्ट नो जॅक मूव्हीज'. 'यू डोन्ट नो जॅक' ही अमेरिकन बोलीतली खोचक लकब आहे, आपण 'तुला ओ की ठो कळत नाही' म्हणतो ना अगदी तसं. जॅक नावाचा माणूस आत कुठेही नाही, माझे बाबा शेवटपर्यंत विचारत होते की जॅक कधी येणार.

थोडी पूर्वपीठिका सांगतो म्हणजे गेमचा स्वभाव कळेल. शिकागोतली जेलीव्हिजन नावाची मंडळी आधी शैक्षणिक गोष्टी बनवायची, पोरांनी पुस्तकं वाचावीत म्हणून त्यांनी 'दॅट्स अ फॅक्ट, जॅक' नावाचा क्विझ काढलेला. मग बर्कली सिस्टिम्स, म्हणजे ते पंख लावलेले टोस्टर उडणारे स्क्रीनसेव्हरवाले, यांच्याबरोबर मिळून १९९५ ला मोठ्यांसाठीचा पहिला 'यू डोन्ट नो जॅक' आला. तो चालला, मग त्याचे भाग निघत गेले, स्पोर्ट्सचा वेगळा, टीव्हीचा वेगळा, आणि १९९७ ला हा मूव्हीजवाला. जेलीव्हिजनचा गेमवाला विभाग पुढे जॅकबॉक्स गेम्स झाला, म्हणजे ज्यांनी लॉकडाऊनमध्ये जॅकबॉक्स पार्टी पॅक खेळलाय त्यांना हे घराणं माहितीच आहे, फक्त हा त्या घराण्यातला आजोबा.

आधी तो चालू तर झाला पाहिजे

सगळ्यात सोपा रस्ता स्टीम, म्हणजे कॉम्प्युटर गेमांचं ऑनलाइन दुकान. जुने भाग २०१५ मध्ये स्टीमवर परत आले, त्यात मूव्हीजसुद्धा आहे. स्टीमचं अकाउंट काढा, गेम शोधा, घ्या, डाउनलोड करा, झालं. घेताना पानावर तुमचं मशीन बसतंय का ते वाचा, विशेषतः मॅकवाल्यांनी, कारण २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या सिस्टिमपासून मॅकवर ३२ बिटचे, म्हणजे जुन्या बांधणीचे, प्रोग्रॅम चालतच नाहीत आणि जुन्या गेमांचा निम्मा खजिना तिथेच बुडाला.

दुसरा रस्ता म्हणजे कोणाकडे तरी ओरिजनल सीडी आहे. ती घालून लगेच सेटअप चालेल अशी आशा धरू नका. विंडोज ३.१ आणि ९५ च्या काळातल्या खूप सीडींमधला इन्स्टॉलर १६ बिटचा, म्हणजे त्याहून जुन्या बांधणीचा, असायचा आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काहीच चालत नाही, विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. कम्पॅटिबिलिटी मोडचा टॅब उघडून 'विंडोज ९५' निवडलं तरी उपयोग नाही, मी त्यात एक अख्खा रविवार घालवलाय. त्यापेक्षा व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, विंडोज ९८ टाकून त्यात सीडी लावणं बरं, पण त्याआधी स्वतःला विचारा की तुम्हाला गेम खेळायचाय की इन्स्टॉलेशन खेळायचंय.

आणि हो, आपल्या लोकांसाठी खास सूचना. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड टाकला असेल तर गेम लावायच्या आधी भाषा इंग्रजीवर आणून ठेवा. आमच्याकडे बझर दाबूनही काही होत नव्हतं, भाची म्हणाली गेम बिघडलाय, आणि खाली कोपऱ्यात बघितलं तर 'मरा' लिहिलेलं.

कोणी कुठे बसायचं

एक, दोन किंवा तीन जण, सगळे एकाच कीबोर्डवर. पहिल्याचा बझर क्यू, दुसऱ्याचा बी, तिसऱ्याचा पी. उत्तर द्यायला वरचे आकडे, १ ते ४. बास, एवढंच.

वाचायला सोपं वाटतं पण लॅपटॉपवर तीन मोठी माणसं बसवून बघा. क्यू डावीकडे कोपऱ्यात, पी उजवीकडे वर, आणि बी खाली मधोमध, त्यामुळे बी वाला दोघांच्या कोपरांमध्ये चेंगरतो. साधा यूएसबी कीबोर्ड जोडा आणि तो टेबलावर मधे ठेवा, लॅपटॉप टीव्हीपाशी राहू दे. बी वर सगळ्यात शांत माणूस बसवा. आणि एक नियम आधीच जाहीर करा की ज्याने बझर दाबला त्यानेच आकडा दाबायचा, कारण आकड्याची बटणं सगळ्यांची सामायिक आहेत आणि दुसऱ्याने मुद्दाम चुकीचा आकडा दाबून पळ काढणे हा प्रकार आमच्याकडे पहिल्याच डावात झाला. करणारी व्यक्ती साठ वर्षांची होती.

तीनपेक्षा जास्त माणसं असतील तर टीम करा. खरं तर टीमच जास्त मजेशीर, एक इंग्रजी नीट कळणारा, एक सिनेमाचा किडा आणि एक बोटं चपळ असलेला.

नाव टाकायची वेळ

गेम सुरू झाला की थेट प्रश्न येत नाही. आधी आवाज येतात, स्टुडिओत गडबड चाललीय, कोणी कोणाला ओरडतंय, माइक चालू आहे का वगैरे, जणू रेडिओवरचा शो सुरू व्हायला दोन मिनिटं आहेत आणि तुम्ही चुकून आत आलात. घाईने पुढे ढकलू नका, अर्धी गंमत इथे आहे. मग होस्ट, म्हणजे शो चालवणारा निवेदक, नावं विचारतो. टाइप करा. उशीर केलात किंवा काहीच टाकलं नाहीत तर तो तुम्हाला त्याच्या मनाने नाव देतो आणि ते चांगलं नसतं. किती प्रश्नांचा डाव ते पण आधीच निवडायचं, ७ किंवा २१. पहिल्यांदा ७ चाच घ्या. २१ चा डाव लांब चालतो, त्यात मधे ब्रेक असतो आणि दुसऱ्या अर्ध्यात रकमा दुप्पट होतात, पण ते सगळ्यांना चटक लागल्यावर.

एक गोष्ट लक्षात घ्या, होस्टचा चेहरा कधीच दिसत नाही. अख्ख्या गेममध्ये फक्त आवाज आणि नाचणारी अक्षरं. १९९७ च्या मानाने हे डोकं लावून केलेलं काम आहे, कारण त्या काळातल्या बाकी सीडी गेमांमध्ये टपाल तिकिटाएवढे धूसर व्हिडिओ असायचे आणि ते आज बघवत नाहीत, पण अक्षरं आणि आवाज अजून ताजे वाटतात. म्हणून लॅपटॉपच्या फुसक्या स्पीकरवर खेळू नका. आवाज टीव्हीतून किंवा बऱ्या स्पीकरमधून येऊ द्या, नाहीतर तो टोमणा मारून जाईल आणि तुम्ही 'काय म्हणाला, काय म्हणाला' करत बसाल.

प्रश्न ऐकायचा कसा, इथे खरी मेख आहे

समोर तीन विषयांची नावं येतात, त्यातलं एक निवडायचं. नावावरून विषय काय ते कळेल असं समजू नका, नावं कोट्या असतात. निवडलं की रक्कम दिसते, डॉलरमध्ये. बरोबर आलं तर तेवढे मिळाले, चुकलं तर तेवढेच गेले, आणि शून्याच्या खालीसुद्धा जातं. मी एकदा उणे सहा हजारावर डाव संपवलाय.

आता प्रश्न. नवीन माणूस इथे हमखास फसतो कारण त्याला वाटतं हा सिनेमाचा गेम आहे म्हणजे सिनेमे पाठ पाहिजेत. तसं नाहीये. प्रश्न कधी सरळ विचारतच नाहीत. एखादी साधी माहिती घ्यायची, तिला तीन विचित्र कपडे घालायचे, आणि मग विचारायचं हा कोण. तुम्ही फक्त कपडे काढायला शिका.

गेममधले प्रश्न इथे सांगून मजा घालवत नाही, मी स्वतः त्याच वळणाचा एक बनवून दाखवतो. समजा प्रश्न असा आला: तुमच्या हातात व्हॅनिला आइस्क्रीमचा कप आहे, वर घालायला काही नाही, आणि तुम्ही हिचकॉकच्या 'सायको'च्या सेटवर उभे आहात. न्हाणीघरातल्या खुनाचा सीन नुकताच झालाय, तर फरशीवरून काय पुसून कपात घ्याल? १ मध, २ टोमॅटो केचप, ३ चॉकलेट सिरप, ४ स्ट्रॉबेरी जॅम.

ज्याने सिनेमा बघितलाय तो पण पटकन केचप किंवा जॅमवर जातो, रक्त म्हणजे लाल. पण थांबा, १९६० चा तो सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आहे. मग रंगाचा संबंधच नाही, दाट आणि गडद काय दिसेल तेवढंच बघायचं. चॉकलेट सिरप. खरंच तेच वापरलेलं. म्हणजे बघा, ही माहिती आधी नसली तरी ब्लॅक अँड व्हाइट एवढं आठवलं की उत्तर काढता येतं.

दुसरा प्रकार दोन पायऱ्यांचा. 'बेन हर'ला जितके ऑस्कर मिळाले तितके खेळाडू एका बाजूला घेतले तर कुठला खेळ खेळता येईल? बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बेसबॉल की अमेरिकन फुटबॉल. आता इथे ऑस्कर ११ हे पण माहीत पाहिजे आणि कुठल्या खेळात ११ जण ते पण. बास्केटबॉलला ५, व्हॉलीबॉलला ६, बेसबॉलला ९, राहिला अमेरिकन फुटबॉल. आपल्याला क्रिकेटमुळे अकराची सवय आहे पण तो ऑप्शन ते देणार नाहीत, असे हे लोक.

त्यामुळे पहिली सवय ही लावा की प्रश्न पूर्ण ऐकायचा. पहिल्या वाक्यात बहुतेक वेळा फालतूपणा असतो, खरा प्रश्न शेवटच्या पाच-सहा शब्दांत. स्क्रीनवर तो लिहून पण येतो, तेव्हा उच्चार नाही कळला तरी डोळ्यांनी शेवटची ओळ पकडा. मग ऑप्शन वाचा, मग बझर. आमच्याकडे दादा पहिल्या शब्दाला बझरवर बोट ठेवून बसायचा, पटकन दाबायचा आणि मग 'थांब थांब' करत ऑप्शन वाचायचा, पण दाबल्यावर मोजकेच सेकंद मिळतात. एक जण चुकला तर बाकीच्यांना संधी असते, म्हणजे कधीकधी दुसरा दाबणारा शहाणा, त्याच्यापुढे चारऐवजी तीनच ऑप्शन उरलेले.

स्क्रू, म्हणजे दुसऱ्याचा बकरा

एस हे बटण. प्रत्येकाकडे हा हुकूम मोजकाच असतो. तुम्हाला उत्तर येत नाहीये, पण खात्री आहे की समोरच्यालाही येत नाहीये, तर एस दाबा आणि कोणाला अडकवायचं ते निवडा. आता त्याला उत्तर द्यावंच लागतं. चुकला तर पैसे त्याचे गेले. पण बरोबर आला तर पैसे त्यालाच, आणि तुमचं तोंड बघण्यासारखं होतं.

म्हणून जो पुढे आहे त्याच्यावरच वापरा आणि त्याच्या आवडीचा विषय नसताना. मी वहिनीला जुन्या हॉलिवूड म्युझिकलच्या प्रश्नावर अडकवलं, मला काय माहीत तिने कॉलेजात असताना फिल्म क्लबमध्ये तेच बघितलेलं. आणि राखून राखून शेवटपर्यंत ठेवू नका, डाव संपला की हुकूम हातातच. एकटे खेळत असाल तर अर्थातच स्क्रू कोणाला करणार, तेव्हा होस्ट एकट्या तुम्हालाच धारेवर धरतो.

मधेच येणारे वेगळे प्रकार

डिसऑरडॅट हा माझा आवडता. एकच खेळाडू खेळतो, बाकीचे बघतात आणि हसतात. त्याला भराभर सात गोष्टी दाखवतात आणि प्रत्येक हे की ते ठरवायचं, घड्याळ ३० सेकंदांचं. दोन गट असे निवडतात की एकमेकांशी काही संबंध नाही पण नावं सारखी वाटतात. माझा घरगुती नमुना, 'हिचकॉकचा सिनेमा की डॉक्टरच्या चिठ्ठीवरची तक्रार': टोपाझ, सायाटिका, मार्नी, एक्झिमा, फ्रेन्झी, एंजायना, व्हर्टिगो. हसू नका, घड्याळ टिकटिक करत असताना टोपाझ हे नक्की मलमाचं नाव वाटतं. आणि व्हर्टिगो तर दोन्हीकडे बसतो. युक्ती एकच, विचार करत बसू नका, माहीत नसेल तर काहीतरी दाबा आणि पुढे जा, कारण पुढची दोन सोपी असू शकतात आणि वेळ संपला की ती पण गेली.

जिबरिश प्रश्न मात्र आपल्याला छळतो, हे आधीच सांगतो. निरर्थक शब्दांची एक ओळ देतात, ती एखाद्या ओळखीच्या नावाशी किंवा वाक्याशी यमक जुळवते, ते मूळ ओळखून टाइप करायचं. वेळ जाईल तसे इशारे मिळतात आणि रक्कम कमी होत जाते. मराठीत करायचं तर 'वाचता खाईना रांगण फाकडं'. मोठ्याने म्हणा, दोनदा म्हणा, तोंडातून आपोआप 'नाचता येईना अंगण वाकडं' येतं की नाही? डोळ्यांनी वाचून सुटत नाही, कानाने सुटतं. पण इंग्रजी जिबरिशला कान अमेरिकन उच्चारांवर तयार पाहिजे, 'लोन फिथ द टिंड' म्हटल्यावर 'गॉन विथ द विंड' सुचायला आम्हाला सुद्धा पूर्ण वेळ लागला असता. इथे घाई नको, एक इशारा येऊ द्या, रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल. आणि स्पेलिंग सांभाळा.

टाइप करायची सोय आहे म्हटल्यावर कोणीतरी शिवी टाइप करणारच. मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत बनवणाऱ्यांनी हे आधीच ओळखून ठेवलंय. ती सुप्रसिद्ध इंग्रजी शिवी टाकलीत तर होस्ट भडकतो, भलीमोठी रक्कम कापतो, आणि तरी ऐकलं नाहीत तर गेमच बंद करून टाकतो. मराठी शिव्या त्याला कळत नाहीत, त्या नुसत्या चुकीचं उत्तर ठरतात.

जॅक अटॅक: इथे सगळं फिरतं

शेवटचा राउंड. इथे डाव पलटतो त्यामुळे मागे पडलेल्याने हात टेकू नयेत. सुरुवातीला एक सूत्र सांगतात. ते सूत्र ऐका. परत लिहितो, ते ऐका, कारण नंतर परत सांगत नाहीत. मग मधे एक शब्द येतो आणि भोवती एकामागून एक दुसरे शब्द सरकत जातात. सूत्राप्रमाणे जोडी जुळली त्या क्षणी आपला बझर दाबायचा. बरोबर तर २,००० डॉलर, चुकीच्या वेळी दाबलं तर २,००० वजा. आकडे वगैरे काही नाही, फक्त क्यू, बी, पी.

सूत्राचं महत्त्व सांगतो. समजा सूत्र आहे 'सिनेमा आणि त्यातला प्राणी'. मधे आलं 'बेब'. बाजूने 'रूथ' गेलं. बेसबॉलचा थोडाफार गंध असेल तर बेब रूथ हे नाव डोक्यात आहेच, बोट आपोआप खाली जातं आणि २,००० गेले. जोडी खोटी नव्हती, आजच्या सूत्रातली नव्हती. थांबला असतात तर दोन शब्दांनी 'डुक्कर' आलं असतं. या राउंडमध्ये हुशार माणूसच जास्त हरतो, त्याला नको ते संबंध आधी दिसतात. माझी भाची, वय तेरा, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं म्हणून ती फक्त खात्री असेल तेव्हाच दाबत होती, दोनदा दाबलं, दोन्ही बरोबर, आणि बाकी दोघं वजा होत होत तिच्या खाली गेले.

आपल्याला जड जाणारा भाग

खोटं कशाला बोलू, हा गेम आपल्यासाठी लिहिलेला नाही. १९९७ पर्यंतचं हॉलिवूड, वर अमेरिकन टीव्ही, ब्रँड, राष्ट्राध्यक्ष, शाळेतल्या गोष्टी, हे सगळं गृहीत धरलेलं आहे. 'टायटॅनिक' थिएटरात आला डिसेंबर १९९७ ला, म्हणजे ज्या एका सिनेमावर आपल्यातला प्रत्येक जण बोलू शकतो त्याची इथे अपेक्षा धरू नका. जर्मनीसाठी गेम काढला तेव्हा त्यांनी नुसतं भाषांतर केलं नाही, तिथला होस्ट आणि तिथलेच संदर्भ घेतले, कारण असली कोटी भाषांतरात मरते. मराठी आवृत्ती अर्थातच कोणी काढली नाही.

पण तयारी करता येते, आणि ती पाठांतराची नाही. असल्या गेमला आवडते ती माहिती कुठली ते ओळखा, म्हणजे जी ऐकून माणूस 'काय सांगतोस' म्हणतो ती. 'जॉज'मधल्या यांत्रिक शार्कला सेटवर ब्रूस म्हणायचे, आणि ते नाव स्पीलबर्गच्या वकिलाचं होतं. रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी नट होते आणि १९५१ च्या एका सिनेमात त्यांचा सहकलाकार चिंपांझी होता. अमेरिकेत पीजी-१३ हे, तेराखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं सिनेमाचं सर्टिफिकेट १९८४ ला आलं कारण इंडियाना जोन्सच्या सिनेमात काढलेलं काळीज बघून पालक हादरले. असली दहा-वीस गोष्टी डोक्यात असल्या की प्रश्न त्याच असतील असं नाही, पण कुठल्या बाजूने वार येणार याचा अंदाज येतो. ऑस्कर विजेत्यांची यादी पाठ करून काही होत नाही, मी केलेली.

आणि सगळ्यांनाच इंग्रजी जमत नसेल तर एक जण दुभाषी ठेवा, तो खेळणार नाही, फक्त प्रश्नाची शेवटची ओळ मराठीत ओरडणार. आमच्याकडे हे काम काकांनी घेतलं आणि ते प्रश्नात स्वतःचे टोमणे मिसळायला लागले, जे होस्टपेक्षा बरे होते.

घरचा डाव

त्यावरूनच सुचलं की लाइट गेली किंवा लॅपटॉपने मान टाकली तर हाच प्रकार तोंडी खेळता येतो. तीन वाट्या, तीन चमचे, हे बझर. होस्ट एक जण, त्याला बोलायला लाज वाटता कामा नये. प्रश्न आदल्या दिवशी लिहा आणि वरचंच तंत्र वापरा, माहिती साधी, कपडे विचित्र.

आमचा सगळ्यात गाजलेला प्रश्न हा: १९१७ सालच्या फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये रामाला सीतेची फार आठवण आली असती तर सगळ्यात सोपा उपाय काय होता? १ हनुमानाला पाठवणे, २ पत्र लिहिणे, ३ आरशात बघणे, ४ फाळक्यांना विचारणे. सगळे हनुमानावर तुटून पडले. उत्तर आरसा, कारण राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंकेंनीच केलेल्या. बायका सिनेमात काम करायला तयार नसायच्या तो काळ.

डिसऑरडॅटसाठी तर आपल्याकडे सोन्याची खाण आहे, 'दादा कोंडकेंचा सिनेमा की म्हण'. आंधळा मागतो एक डोळा, आंधळा मारतो डोळा, उचलली जीभ लावली टाळ्याला, बोट लावीन तिथं गुदगुल्या, एकटा जीव सदाशिव. मोबाइलवर ३० सेकंदांचा टायमर लावा आणि आजीला बसवा. पहिल्या दोघांत माणूस असा अडखळतो की बास, आणि शेवटच्यावर भांडण होणार हे धरून चाला, कारण लोक बोलतात पण तसं आणि सिनेमा पण आहे, दोन्ही उत्तरांना मार्क द्या नाहीतर रात्र संपणार नाही.

जॅक अटॅक तोंडी नीट जमत नाही, चिठ्ठ्या दाखवायचा वेग सारखा राहत नाही आणि वाटी आधी कोणाची वाजली यावर वाद, तो सोडा.

परत लॅपटॉपवर आलात तर शेवटचं एक. डाव संपला, कोण जिंकलं ते कळलं, की लोक लगेच बंद करतात किंवा नवीन डाव लावतात. करू नका. नावांची यादी सरकत असते तेव्हा मागे खोट्या रेडिओ जाहिराती चालू होतात, अस्तित्वात नसलेल्या वस्तूंच्या, इतक्या गंभीर आवाजात की आमच्या बाबांनी एका वस्तूची किंमत विचारली. पाणी प्यायला उठायचं असेल तर त्या संपल्यावर उठा.